पडद्यामागची हाक

४ मार्च

आज डोळे आले.

इतकी वर्षं कॉलेजात फळ्यावर डोळा काढत आले. एक गोल, त्यात दुसरा गोल, बाण मारून नावं. मुलं वहीत उतरवून घ्यायची आणि परीक्षेत बाण चुकवायची. आज खरा डोळा समोर आला तर त्यात बाण कुठेच नव्हते. चिमटा हातात धरून मी नुसतीच उभी. सर मागून म्हणाले, "तो तुम्हाला काही विचारणार नाहीये. सुरू करा."

सर म्हणजे आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख. ते कधी बसत नाहीत, त्यांच्या खुर्चीत कायम पुस्तकं बसलेली असतात. कायमची नोकरी सोडून मी इथे आले तेव्हा आईने "या वयात?" एवढंच विचारलं होतं. आज तेच मी स्वतःला विचारत होते.

नेत्रपेढीचा माणूस बर्फाच्या डब्यातून दोन बरण्या देऊन गेला. डोळ्याच्या पुढची पारदर्शक चकती तिकडेच काढून घेतात, ती दुसऱ्या कुणाला बसवतात. उरलेला मागचा भाग आमच्याकडे. बरणीवर नाव नसतं. बाई, वय ऐंशीच्या पुढे. आणि आजार: उतारवयात डोळ्याच्या पडद्याच्या मधोमध होणारा, त्यातलाही नव्या रक्तवाहिन्या फुटणारा प्रकार. आपल्याकडे पालवीही फुटते आणि नळही फुटतो. या आजारात दोन्ही होतं. वाहिन्या उगवतात, आणि मग गळतात.

वरचा पडदा उचलला, भिजलेल्या कांद्याच्या पापुद्र्याइतका पातळ. त्याच्याखाली काळपट तपकिरी पेशींचा थर. मायक्रोस्कोपखाली धरला. षटकोनी फरशी. एकीला एक चिकटून, मध्ये फट नाही. या पेशी आपल्याला लहानपणी मिळतात त्याच शेवटपर्यंत पुरवायच्या, एखादी गेली तर बदली कुणी येत नाही. समोरच्या दृष्टिपेशी रोज आपली झिजलेली टोकं टाकतात आणि या ती रोज खाऊन टाकतात. ऐंशी वर्षं, एकही सुट्टी न घेता. आणि आपण म्हणतो, मला दिसतं.

फरशीच्या मधोमध मात्र एका डोळ्यात राखाडी व्रण होता, वाळलेल्या डिंकासारखा. दुसऱ्यात त्याच जागी जुन्या रक्ताचा डाग. बाकी कडेकडेची फरशी शाबूत. नवी वाटावी इतकी.

घरी येऊन हात तीनदा धुतले. घाण वाटली म्हणून नाही. का ते सांगता येणार नाही.

५ मार्च

फरशीच्या खाली पातळ भिंत, आणि भिंतीखाली रक्तवाहिन्यांचं दाट जाळं. त्या जाळ्याचे तिळाएवढे तुकडे कापून, ताटलीतल्या छोट्या छोट्या खणांत, जेलीत बसवले, वरून गुलाबी पोषणद्रव. काही खणांत नुसते तुकडे. काहींत, वाहिन्यांना वाढायला सांगणारं ते प्रसिद्ध प्रथिन बाटलीतून घातलं. आणि काहींत, मधे झिरझिरीत पडदा ठेवून, पलीकडे त्याच बाईच्या तपकिरी पेशी, प्राणवायू मुद्दाम कमी ठेवून. पेशी गुदमरल्या की त्या स्वतःच ते प्रथिन सोडतात. हाक मारतात म्हणा ना. माझा सगळा प्रश्न एवढाच: बाटलीतली हाक आणि खरी हाक सारखीच असते का?

दोन तुकडे कापतानाच वाया.

९ मार्च

काही नाही. तुकडे जसे ठेवले तसे. कडेने थोडी धूळ सुटल्यासारखं दिसतं, बस.

सर म्हणाले, "म्हाताऱ्या माणसाचे तुकडे आहेत. मरून गेले असतील. टाकून द्या आणि जागा मोकळी करा."

मी म्हटलं, "अजून थोडे दिवस."

"तुम्हाला आशा आहे की पुरावा?"

"पुरावा नाही, सर."

ते गेले, पण पुन्हा टाका म्हणाले नाहीत.

रात्री जेवताना नवरा म्हणाला, "झाडांशी बोललं की ती वाढतात म्हणे. बोलून बघ." मी म्हटलं, असला वेडेपणा मी करत नाही. खोटं कशाला लिहू, दुपारीच बोलले होते. इन्क्युबेटरचं दार उघडून म्हटलं, "काय हो बाई, येताय ना?" इन्क्युबेटर म्हणजे पेशींना अंगाच्या उबेत ठेवणारं कपाट. आजूबाजूला कुणी नव्हतं.

१२ मार्च

आल्या!

सकाळी कपाट उघडून पहिला खण मायक्रोस्कोपखाली धरला तर तुकड्याच्या कडेतून कोंब बाहेर. दुसऱ्यात, तिसऱ्यात. मी इतक्या जोरात ओरडले की शेजारच्या खोलीतून विचारायला आले, काय सांडलं म्हणून.

सगळ्यात पुढे एकच पेशी असते. तिच्या अंगातून केसासारखे तंतू निघतात, चहूकडे. कॅमेरा थोड्या थोड्या वेळाने फोटो घेतो, ते भराभर फिरवले की ती चालताना दिसते. अंधाऱ्या खोलीत आपण भिंत चाचपतो ना, तसे तंतू पुढे जातात, काही लागलं नाही तर मागे येतात, दुसरीकडे वळतात. जिकडे हाक मोठी, तिकडचा तंतू घट्ट धरून राहतो आणि सगळी पेशी त्याच्यामागे ओढली जाते. तिच्या मागच्या पेशी तंतू काढत नाहीत. पुढचीच त्यांना गप्प बसवते: मी बघते, तुम्ही मागे या. मग त्या दुणावतात, रांग लांबते, आणि रांग आतून पोकळ होत जाते. नळी! हृदय नाही, रक्त नाही, बाईही नाही, आणि रक्तासाठी नळी तयार.

बाटलीतल्या प्रथिनाच्या खणांत वाहिन्या खूप आल्या, पण सैरावैरा. वेटोळी, गुंते. गुदमरलेल्या पेशींच्या खणांत कमी आल्या, पण सरळ. झिरझिरीत पडद्याच्या दिशेने.

सरांनी उभ्याउभ्याच पाहिलं. म्हणाले, "ऐंशीच्या वर."

बस, एवढंच.

एक गोष्ट खटकते. याच वाहिन्यांनी या बाईची दृष्टी घेतली, आणि मी त्यांना बघून टाळ्या पिटते आहे. रोग इतका देखणा असावा का?

१४ मार्च

नेत्रपेढीच्या बाईंचा फोन. त्या दात्यांच्या घरच्यांशी बोलायचं काम करतात. म्हणाल्या, "तुमच्याकडच्या डोळ्यांचे जे दाते आहेत ना, त्यांचे यजमान सारखे विचारतात, डोळ्यांचं काय झालं. पत्नीने आधीच लेखी परवानगी दिलीय की घरच्यांना सांगायला हरकत नाही. तुम्ही भेटाल का?"

सरांना विचारलं. "आपण प्रयोगशाळा आहोत, प्रेक्षणीय स्थळ नाही."

"दहा मिनिटं येतील, सर."

"आणि त्यांनी विचारलं, हे जिवंत आहे का, तर काय सांगाल?"

मग सर स्वतःच म्हणाले, "कोट घालायला लावा. आणि कशाला हात लावू देऊ नका."

१६ मार्च

आले. उंच, किंचित वाकलेले, इस्त्रीचा शर्ट. आयुष्यभर चपलांचं दुकान चालवलं, आता मुलाने त्याचं मोबाइलचं केलं. खोलीत शिरताना त्यांनी आधी माझ्या पायांकडे पाहिलं, मग तोंडाकडे. "सवय जात नाही," म्हणाले. मी मनात त्यांना चप्पलवाले काका म्हणायला लागले आहे.

आधी चित्र काढून दाखवलं. फरशी, भिंत, भिंतीखालचं जाळं. वय झालं की फरशीखाली कचरा साठतो, पिवळट गोळे. भिंत जाड होते. खालून येणारं रक्ताचं पोषण वर पोचत नाही, फरशीच्या पेशी गुदमरतात.

"मग?"

"मग त्या हाक मारतात. जन्मभर खालच्या वाहिन्यांच्या जिवावर जगलेल्या असतात, तर त्यांनाच आणखी बोलावतात."

"आणि त्या येतात."

"येतात. पण मधे भिंत आहे. ती विरघळवून वर येतात. नव्या वाहिन्या कच्च्या असतात. बाहेरून आधार देणाऱ्या पेशी असतात, त्या यांच्याभोवती पुरत्या जमलेल्याच नसतात. म्हणून गळतात. पाणी, रक्त. आणि पडदा उचलला जातो."

काकांनी चित्रातल्या भिंतीवर बोट ठेवलं. "आम्हाला डॉक्टर म्हणाले होते, नको त्या नसा घुसल्यात. मला वाटायचं, चोर शिरलेत. हे तर बोलावणं गेलं म्हणून आलेले निघाले."

मी म्हटलं, "हो. पण मोडतोड झालीच."

"पाहुणे आले की होतेच," म्हणाले, आणि स्वतःच हसले.

मग संगणकाच्या पडद्यावर वाहिन्या दाखवल्या, भराभर फिरवलेली फिल्म. तंतू चाचपत पुढे चाललेले. काका पुढे झुकले. सरांनी सांगितलेला प्रश्न आलाच.

"हे जिवंत आहे?"

"पेशी जिवंत आहेत. तुमच्या पत्नी नाहीत."

मला वाटलं, आता कोसळतील. ते शांतपणे म्हणाले, "फरक कळतो मला. जन्मभर चामडं विकलंय."

जाताना विचारलं, "पुन्हा आलो तर चालेल का? वाढलेलं बघायला." मी हो म्हटलं. सरांना अजून सांगितलेलं नाही.

१९ मार्च

आज काहीतरी दिसलं आहे आणि झोप लागणार नाही असं वाटतं.

सरळ गेलेल्या वाहिन्यांची फिल्म पुन्हा पुन्हा बघत होते. टोकाच्या पेशीच्या पुढे एक ठिपका सारखा येत होता. मला वाटलं, काचेवर डाग आहे. पुसला. पुढच्या खणात तसाच ठिपका, तसाच टोकाच्या पुढे. आणि तो हलतो. गोलसर, गबाळा, आपला आकार बदलत सरकणारा. शरीरातल्या सफाई करणाऱ्या पेशी असतात ना, मोडकंतोडकं गिळणाऱ्या, त्यातली एक. म्हणजे कचरा उचलायला आलेली. ती जिकडे सरकते, जेलीत वाट मोकळी होते, आणि टोकाची पेशी आपले तंतू तिच्या अंगावर टाकून तिच्यामागे जाते. आंधळ्याने वाटाड्याच्या खांद्यावर हात ठेवावा तशी.

बाटलीतल्या प्रथिनाच्या खणांत? तिथे त्या पेशी आहेत, पण इकडेतिकडे पसरलेल्या. आणि वाहिन्या सैरावैरा.

सरांना दाखवलं. "योगायोग," म्हणाले. मग आणखी दोन खण बघितले. मग म्हणाले, "त्या सफाईवाल्या पेशी काढून टाकलेला एक खण करा. तुकडे उरलेत?"

उरलेत. थोडेच.

२१ मार्च

काका आले. वाहिन्या किती लांब झाल्यात ते बघितलं, नातू वाढल्यासारखं कौतुक. सफाईवाल्या पेशीची फिल्म दाखवली तर म्हणाले, "सगळे मदतीलाच धावतायत की हो. मग बिघडलं कुठे?" मी म्हटलं, तेच शोधतोय.

कोटाची बटणं काढता काढता म्हणाले, "एक विचारू? तिला काय दिसायचं, शेवटी?"

मी सांगितलं की मी पेशींवर काम करते, पेशंट बघत नाही. मधला भाग गेलेला असतो, एवढं माहीत आहे. पुस्तकात काळा डाग दाखवतात.

"एक डोळा आधीच गेला होता. दुसऱ्यात गळती थांबवायच्या सुया दिल्या, दर महिन्याला. बरं वाटत होतं. नंतर तिनेच बंद केल्या, पुरे म्हणाली. तिथून पुढे माझ्याशी बोलताना तोंड फिरवायला लागली. मी काही सांगायला लागलो की खिडकीकडे बघणार. मला वाटलं तिला खिडकीकडेच बसायचं असेल, म्हणून मी खुर्ची तिकडे नेली, तिच्या समोर. तर तिने तोंड दुसरीकडे वळवलं. मी पुन्हा समोर. ती पुन्हा वळली. मग मी सोडून दिलं."

"चिडल्या होत्या का?"

"विचारलं ना. 'कशाला चिडू?' म्हणाली. सांगायची सवयच नव्हती तिला. चपलेत खिळा टोचत असला तरी चालत राहायची."

नवराबायकोत बाहेरच्याने काय बोलायचं? मी त्यांना पाणी दिलं आणि विषय बदलून पुन्हा फिल्म लावली. ते बघत राहिले. गेल्यावर मला बरं वाटलं, आणि त्याचंच वाईट वाटलं.

सफाईवाल्या पेशी काढलेला खण सुरू केला आहे.

२३ मार्च

काकांचा प्रश्न डोक्यातून जात नव्हता. तिला काय दिसायचं? पेशींचं सगळं सांगता येतं मला, आणि साधं हे सांगता येत नाही. आज सुट्टी घेतली, घरीच होते. काळ्या कागदाच्या छोट्या गोल टिकल्या कापल्या आणि चष्म्याच्या दोन्ही काचांवर मधोमध चिकटवल्या. खऱ्या आजारात डाग डोळ्याबरोबर फिरतो, माझा चष्म्याला चिकटलेला, त्यामुळे तंतोतंत तसं नाही. तरी.

घड्याळ बघितलं, आकडे आहेत आणि काटे गायब. वर्तमानपत्र उचललं, ज्या शब्दाकडे बघावं तोच नाही, शेजारचे आहेत. दाराची चौकट आहे, दारात उभा असलेला माणूस आहे, त्याचा शर्ट आहे. तोंड नाही.

"चहा घेणार?" ते तोंड नसलेलं म्हणालं.

मला त्याचं तोंड बघायचं होतं. मान थोडी डावीकडे वळवली, तर टिकलीच्या कडेला आधी त्याचा कान आला. आणखी वळवली. गाल, मिशी, सगळा नवरा. बरोबर सापडला. मी मान तशीच ठेवून म्हटलं, "घेणार."

तो म्हणाला, "माझ्यावर चिडलीस का?"

"नाही. का?"

"मग भिंतीकडे बघून काय बोलतेस?"

मी खुर्चीतच बसून राहिले.

भिंतीकडे नाही रे. तुझ्याकडे.

मी पेशींचा नकाशा पहिल्याच दिवशी पाहिला होता. मधे व्रण, कडेची फरशी शाबूत, नवी वाटावी इतकी. त्या बाई कडेनेच बघणार, दुसरं काय करणार? आणि काकांनी मला अगदी स्पष्ट सांगितलं होतं, शब्दाशब्दाने, आणि मी त्यांना पाणी दिलं.

नवऱ्याला सगळं सांगितलं. त्याने माझा चष्मा घातला, माझ्याकडे मान वळवून पाहिलं आणि बराच वेळ काढलाच नाही.

२४ मार्च

काकांना फोन करून बोलावलं. सांगावं की नाही याचा सकाळपर्यंत विचार करत होते. आता सांगून काय, असंही वाटलं. बाई तर गेल्या. पण मग वाटलं, हे माझ्याजवळ ठेवायचा मला काय अधिकार?

ते आले तसा टिकल्यांचा चष्मा त्यांच्या हातात दिला. "हा घाला. आता माझ्या तोंडाकडे बघा."

त्यांनी घातला. "तोंड दिसत नाही."

"बघायचा प्रयत्न करा. कसंही करून."

त्यांची मान हळूहळू वळली. खिडकीच्या दिशेला. थांबली.

"आता दिसलात," खिडकीकडे तोंड करून काका म्हणाले.

आणि मग ते तसेच राहिले. मी त्यांना बाजूने बघत होते. मग म्हणाले, "म्हणजे माझ्याकडे बघत होती?"

"हो."

"सगळा वेळ?"

"तुम्ही बोलायला लागलात की."

"आणि मी समोर जाऊन बसायचो." चष्मा काढला, दोन्ही हातांत धरला. "ती बिचारी मान वळवून मला शोधून काढायची, आणि मी उठून पुन्हा त्या डागात जाऊन बसायचो! पुन्हा वळायची, मी पुन्हा डागात!" ते हसायला लागले. खरंच हसत होते, खांदे हलत होते, आणि डोळ्यांतून पाणी चाललं होतं. "केवढी वैतागली असेल! सांगायचं ना! तरी नाही सांगितलं!"

सर दारात आले होते. कशाला हात लावू देऊ नका म्हणणारे सर. त्यांनी आपल्या खुर्चीतली पुस्तकं काढून जमिनीवर ठेवली, खुर्ची आणून काकांच्या मागे लावली आणि गेले.

२७ मार्च

सफाईवाल्या पेशी काढलेल्या खणात वाहिन्या आल्या. झिरझिरीत पडद्याकडे निघाल्याही. आणि पडद्यापाशी जाऊन थांबल्या. तंतू त्याच्यावर फिरतात, फिरतात, परत येतात. आत शिरत नाहीत. हाक ऐकू येते आहे, वाट नाही. मी आणि सर बघत होतो. सर म्हणाले, "एका बाईवरून काही ठरत नाही." पण ते कुजबुजत म्हणाले, कुणी झोपलेलं असावं तसं.

आता सगळे खण थांबवायला हवेत. जास्त दिवस ठेवलं की पेशी आपलं मूळ वागणं विसरतात, मग जे दिसेल ते खरं नाही. थांबवायचं म्हणजे त्यांच्यावर एक द्राव घालायचा. ज्या स्थितीत असतील त्या स्थितीत पेशी कायमच्या धरल्या जातात. मरतात. आम्ही तो शब्द वापरत नाही.

काकांना सांगितलं, कारण न सांगणं जमेना.

"मी येऊ का त्या वेळी?" त्यांनी विचारलं.

"बघण्यासारखं काही नसतं, काका."

"तिच्या वेळी मी चहा आणायला खाली गेलो होतो. म्हणून म्हणतो."

२९ मार्च

काका सकाळीच आले. सरांनी कोट स्वतः दिला.

सरळ गेलेल्या वाहिन्यांचा एक खण मायक्रोस्कोपवर लावला, पडदा चालू केला. प्रत्यक्षात काही हलताना दिसत नाही, सगळं फार सावकाश चालतं. टोकाची पेशी, तिचे पसरलेले तंतू, पुढे तो गबाळा ठिपका. काकांनी विचारलं, "दुखतं का?"

"नाही. दुखणं जिथे पोचतं ते काही इथे नाही."

"बरं."

गुलाबी द्रव हलकेच काढून घेतला. दुसरा, बिनरंगी, कडेने सोडला. पडद्यावर काहीच बदललं नाही. तंतू होते तिथेच.

काकांनी वाट पाहिली. मग म्हणाले, "झालं?"

"झालं."

"एवढंच असतं होय?"

"एवढंच."

त्यांनी मान हलवली. "मग मी उगीच इतके दिवस घाबरलो होतो."

मग उरलेले खण करायचे होते, ते मी केले. काका बसून होते, शेवटच्या खणापर्यंत.

४ एप्रिल

रंग चढायला दिवस लागतात. आज पहिल्यांदा बघायला मिळालं.

खोली अंधारी केली. वाहिन्या हिरव्या, सफाईवाल्या पेशी लाल, प्रत्येक पेशीचं केंद्र निळं. मी आकाश पाहिलंय, समुद्र पाहिलाय, पण एवढ्याशा जागेत एवढं काही असू शकतं हे मला माहीत नव्हतं. तिळाएवढ्या तुकड्यातून शेकडो हिरव्या फांद्या, आणि जिथे जिथे फांदी सरळ गेली, तिथे तिच्या टोकापुढे लाल दिवा. तंतूंनी त्याला धरलेलं. नुसतं टेकलेलं नाही, कवळलेलं. जिथे लाल नाही तिथे हिरवं भरकटलेलं, नाहीतर पडद्यापाशी अडलेलं. आणि एका जागी झिरझिरीत पडद्याला अगदी बारीक भोक, त्यात अर्धी आत अर्धी बाहेर लाल पेशी, तिच्यामागे हिरवं टोक, शिरता शिरता थांबवलेलं.

सर आले, पाहिलं. पुन्हा पाहिलं. "दुसऱ्या डोळ्यांत, तिसऱ्या डोळ्यांत हेच दिसायला हवं," म्हणाले. "वर्षं जातील. शेवटी चुकीचंही निघेल." मी म्हटलं, माहीत आहे. खरंच माहीत आहे, आणि तरी माझं मन आज इतकं भरलंय की त्यात चुकीच्या भीतीला जागा नाही. कचरा उचलायला कुणी आलं, वाट मोकळी करून गेलं. श्वास अडला म्हणून कुणी हाक मारली. हाक ऐकून कुणी धावलं. यातलं कुणीही काही वाईट करायला निघालं नव्हतं, आणि एका बाईला नवऱ्याचं तोंड दिसेनासं झालं. हे नीट कळलं तर कुठे अडवायचं तेही कधीतरी कळेल. हाक बंद करायची, का वाटाड्याला परत पाठवायचं, का भिंत सांभाळायची.

दुपारी काकांना फोन केला. म्हटलं, "दिसलं."

"काय दिसलं?"

मी सांगायला लागले. हिरवं, लाल, निळं. फांद्या कशा निघतात, पुढची पेशी मागच्यांना कशी गप्प बसवते, दिवा कसा पुढे चालतो, तंतूंनी त्याला कसं धरलंय. भोकात अडकलेली ती एक पेशी. मला भान राहिलं नाही, शास्त्रातले शब्द आले, ते परत सोपे करून सांगितले, मग पुन्हा अवघड झाले. पलीकडे काही आवाज नव्हता.

मी थांबले. "काका? आहात ना? कळतंय का मी काय म्हणते ते?"

"सगळं नाही कळत," काका म्हणाले. "पण आहे मी. तुम्ही सांगत राहा."